पितळेची सवत

१७ फेब्रुवारी

नव्या घरात नवी वही. जुनी धुळ्याला बालवाडीच्या कपाटात राहिली, मुलांच्या हजेरीपटांखाली. राहू दे. तिच्यात सगळी आण्णांची औषधं आहेत, आण्णांचा खोकला आहे आणि शेवटी आण्णांचं जाणं आहे.

एक्केचाळिसाव्या वर्षी नवरी झाले. निघताना वहिनी कानात म्हणाली, थोडं रड गं, बरं दिसतं. मला रडूच येईना. पारोळा मागे पडलं तशी मी जीपमध्ये चक्क गुणगुणायला लागले, बालवाडीतलं कुठलं तरी गाणं. शेजारी हे डोळे मिटून ऐकत होते.

'हे.' लिहून पाहिलं. इतकी वर्षं दुसऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेला शब्द. आता माझ्याही वहीत आला.

यांचं नाव प्रेमराज. वय एकोणपन्नास, आणि हेही पहिल्यांदाच बोहल्यावर चढलेले. दीपनगरच्या वीज केंद्रात आहेत. आमचं ठरलं ते फोनवर. तिसऱ्या फोनला म्हणाले, तुमचा आवाज खालच्या सुरात फार छान बसतो. मला बघायला आलेल्यांनी माझं वय काढलं होतं, रंग काढला होता, वजन काढलं होतं. आवाजाबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. त्या रात्री मी आरशात बघून 'हॅलो' म्हणून पाहिलं होतं, आवाज कसा लागतो ते.

घर जळगावच्या कडेला, असोदा रस्त्यावर. मागच्या खिडकीतून केळीची बाग दिसते. वारा सुटला की पानं अशी सळसळतात की वाटतं, कुणी धुतलेली लुगडी झटकतंय. मला इथे आवडणार आहे.

२० फेब्रुवारी

आज यांनी वाद्यांची खोली दाखवली. तोवर ती बंदच होती.

पाहून थक्क झाले. चारी भिंतींना खुंट्या, आणि खुंट्यांवर पितळेची वाद्यं. ट्रम्पेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, अंगाभोवती गुंडाळून घ्यायचं अजगरासारखं एक बेस. एकूण तेवीस. लग्नाच्या वरातीत आता डीजे आला, गावोगावचे बँड मोडले, तेव्हा हे सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून फिरले आणि एकेक वाद्य गोळा करत गेले. कुठे माळ्यावर पडलेलं, कुठे कोंबड्यांच्या खुराड्यात. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय. चिठ्ठीवर वाद्य कुठल्या कारखान्याचं ते नाही, वाजवणाऱ्याचं नाव. 'ट्रॉम्बोन. अमळनेर. सुकदेव मास्तर. डावा हात अधू होता.' मला हे फार आवडलं. ज्याला अशी चिठ्ठी लिहावीशी वाटते तो माणूस चांगलाच असणार.

खिडकीजवळ एक वाद्य वेगळं ठेवलंय. ते खुंटीवर नाही, पाटावर आहे, खाली गादीचा तुकडा. युफोनियम म्हणतात त्याला. चार-पाच वर्षांच्या पोराएवढं, मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून वाजवायचं. बाकीची वाद्यं पिवळी चकचकीत, हे मात्र काळं पडलेलं, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं. चिठ्ठीवर एवढंच: 'दोंडाईचा. जीवराम.'

यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. वाद्यांना चिंच, राख, लिंबू, पावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही. पुसायचं तर कोरड्या फडक्याने. आणि काळ्याला तेही नाही. मी हसून म्हटलं, अहो, मी काय भांडी घासायला आलेय? तेही हसले. पण नजर त्या काळ्यावरच होती.

२ मार्च

शेजारच्या पुष्पाबाई आल्या होत्या, वाटीभर मेथ्यांचे लाडू घेऊन. माहेर शिरपूरकडचं, बोलणं अजून अहिराणी. चहा पिता पिता विचारलं, रोज संध्याकाळी सहा ते सात तुझा नवरा कुठे असतो? मी म्हटलं, वाद्यांच्या खोलीत. दार लावून? हो, दार लावून. तशी त्यांनी मांडीवर हात मारला. "तुनी सवत ते पितयनी शे व माय! बठ्ठा गल्लीले माहीत शे, फक्त तुलेच नही."

दोघी खूप हसलो. पुष्पाबाई गेल्यावर कप धुताना पाहिलं, तर माझ्या तोंडावरचं हसू कधीच गेलं होतं.

खरं आहे ते. सहा वाजले की हे तोंड धुतात, दोन वेळा चूळ भरतात, आणि आत जातात. आधी बाकीची वाद्यं पाच-पाच मिनिटं, मग उरलेला सगळा वेळ ती काळी. काळीचा सूर दाराबाहेर बसून ओळखता येतो. जाड, दबलेला, गोधडीतून बोलल्यासारखा. मी मेथी निवडत उंबऱ्याशी बसते. हे तिला 'बाई' म्हणतात. सुरू करण्याआधी म्हणतात, चला बाई.

मला हे 'कोकिळा' म्हणतात. नीट, पूर्ण, ऑफिसात नाव घ्यावं तसं.

१४ मार्च

मला शिकवा म्हटलं. खूश झाले. एक छोटं कॉर्नेट काढून दिलं, ओठ कसे मिटायचे, वारा कसा सोडायचा, सगळं समजावलं. माझ्या फुंकरीतून म्हशीसारखा आवाज निघाला आणि आम्ही पोट धरून हसलो. मग यांनी वाद्याची छोटी झडप दाबून दाखवली. वाजवून झालं की ती दाबायची, आत साचलेलं पाणी गळून जातं. वाजवणाऱ्याच्या श्वासाचं पाणी. थुंकी नाही हो, म्हणाले, श्वास. पितळ गार असतं ना, लागला की पाणी होतो.

मी सहज म्हटलं, एकदा ती काळी वाजवून बघू? यांनी लगेच, विचारही न करता, नाही म्हटलं. आणि मग फार गोड बोलले. ती जड आहे, तुझे ओठ दुखतील.

वाजवून उठले की यांच्या ओठांवर गोल वळ असतो, तासभर राहतो. काल मी त्यावर बोट ठेवलं. गार होता. यांनी मान बाजूला केली नाही, पण डोळे दुसरीकडे नेले. आपला नवरा दुसऱ्या घरून आलाय हे बाईला कसं कळत असेल? बहुतेक असंच कळत असेल.

२९ मार्च

उद्या पाडवा. सकाळपासून घर काढलंय. देवातली भांडी, समई, तांब्या, गडू, सगळं चिंच-मीठ लावून घासलं. पितळ उजळताना बघायला मला लहानपणापासून आवडतं. आई म्हणायची, भांडं हसलं बघ.

हे पहिल्या पाळीला. चिंचेचा कोळ बराच उरला होता. वाटलं, यांना पाडव्याला काहीतरी द्यावं. काळी अंगणात आणली, मोरीच्या कट्ट्यावर निजवली आणि घासली. तीन तास घासली. काळं निघता निघेना, मग एकदम सालीसारखं निघायला लागलं. खाली काय सोनं! वर वेलबुट्टी कोरलेली. इतकी सुंदर होती आणि अंगभर काळं गुंडाळून बसली होती.

यांना बघून आनंद होईल.

३० मार्च

काल खोटं लिहिलं.

स्वतःच्या वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला? आनंद होईल म्हणून नाही घासली. यांनी नको म्हटलं होतं म्हणून घासली. तिला अंगणात उघडी पाडावी, उन्हात, मोरीवर, भांड्यांसारखी. माझ्या हातात तीन तास तेच होतं.

हे आले, पाहिलं, आणि पाटाजवळ मटकन बसले. रागावले नाहीत. नुसते विचारत राहिले, कधी? सगळं? आतूनसुद्धा? गुढी उभारली ती मी एकटीने. पुरणपोळीला यांनी हात लावला नाही.

३१ मार्च

आज यांनी तिला वाजवलं.

मी उंबऱ्यात होते. पहिला सूर आला आणि निवडलेली भाजी हातातून पडली. गोधडी गेली होती. मोकळा, ओला, बाईचा वाटावा असा सूर. सात वाजले, साडेसात वाजले. दार उघडलं तेव्हा यांचे डोळे भरलेले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, नऊ वर्षं ती पाण्याखाली होती कोकिळा, तू वर काढलीस.

मी इतकी सुखावले की रडले. वहिनीने सांगितलेलं ते रडणं आत्ता आलं.

५ एप्रिल

ऊन चढतंय. दुपारी बाहेर चिटपाखरू नसतं, कूलरची घरघर तेवढी.

दोन गोष्टी लिहून ठेवते.

पहिली. तिच्या खाली गादीवर पाणी असतं. दुपारी एक-दीडला, म्हणजे आदल्या संध्याकाळनंतर तिला कुणी हात लावलेला नसताना. ओंजळभर. आज पुसताना वास आला. बडीशेपेचा. जेवल्यावर चिमूटभर बडीशेप मी खाते. यांना ती चालत नाही, वाजवणाऱ्याने वासाचं काही खायचं नसतं म्हणतात.

दुसरी. माझं गुणगुणणं बंद झालंय. ठरवून नाही. भाकऱ्या थापताना नेहमीसारखं तोंड उघडलं तर नुसती हवा आली. घसा दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे, पाणी प्या.

८ एप्रिल

पुष्पाबाई कुंपणावरून म्हणाल्या, आज दुपारले कितलं गोड गानं म्हनी राहिनी व्हती व तू! मन्ही झोप लागी गयी.

दुपारी मी बाजारात होते. घराला कुलूप होतं.

कुठलं गाणं, विचारलं. त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या. बालवाडीतलं. जीपमध्ये म्हटलेलं.

११ एप्रिल

हे आता सहाची वाट पाहत नाहीत. पाळीवरून तीनला येतात, हातपाय धुतात, आत जातात. जेवण मी झाकून ठेवते. काल उठवायला गेले तर तिला मांडीवर घेऊन, हनुवटी तिच्या काठावर टेकून, नुसते बसले होते. वाजवत नव्हते. ऐकत होते.

माझं ऐकत असं कुणी कधी बसलेलं मला आठवत नाही. आई असेल, लहानपणी.

मी म्हटलं, अहो, जेवता ना? घोगरं, चिरकं आलं. यांनी दचकून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मग माझी ओळख पटली. त्या मधल्या क्षणासाठी मी यांना माफ करू शकत नाही.

१४ एप्रिल

आज मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. आतून हाक आली, "अहो."

माझा आवाज. फोनवरचा. खालच्या सुरातला.

यांनी "ओ" दिली आणि उठून आत गेले.

मी हाक मारली नव्हती.

१६ एप्रिल

मुख्तारभाईंकडे जाऊन आले. जुन्या गावात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, वाद्यांचे पोचे काढायचे, तुटलेले जोड डाख देऊन सांधायचे. यांनी काळी त्यांच्याकडूनच आणली होती. यांच्या लग्नाचं त्यांना माहीतच नव्हतं. मी कोण ते सांगितलं तर हातातली हातोडी खाली ठेवली. "प्रेमराजनं शादी केली? आणि ती अजून घरात आहे?"

त्यांच्या बायकोने, रहिमाबींनी सरबत दिलं, आणि माझा आवाज ऐकून तिथेच बसल्या. मग दोघांनी मिळून सांगितलं.

दोंडाईच्याच्या बँडमध्ये जीवराम मास्तर ती वाजवायचे. घरी बायको, भागाबाई. मास्तरांना वाद्याचं वेड, भागाबाईंना त्या वेडाचा जाच. चैत्रातल्या एका दुपारी मास्तर झोपलेले असताना भागाबाईंनी वाद्य मांडीवर घेतलं आणि तोंड लावून सगळा श्वास आत सोडला. सगळा. मास्तर उठले तेव्हा ती वाद्याला मिठी मारून बसलेली होती, गार. त्यानंतर मास्तर पंचवीस वर्षं ते वाजवत राहिले. दुसरं लग्न केलं नाही, वाद्याला कधी पाणी लावलं नाही. काळं चढत गेलं तसं ते शांत झालं. मुख्तारभाई म्हणाले, तो काळेपणा म्हणजे तिच्या डोळ्यांवरचा पदर, भाभी. घरात कोण आहे ते तिला दिसायला नको.

मास्तर गेले तेव्हापासून बँडवाल्यांचा नेम. ते वाद्य द्यायचं तर बिनबायकोच्या माणसाला. त्याचं लग्न ठरलं की त्याने ते परत आणून द्यायचं. यांनी तसा शब्द दिला होता. नऊ वर्षांपूर्वी, याच दुकानात.

मी विचारलं, आता? म्हणाले, आणा माझ्याकडे. तोंडात पितळेची चकती घालून कायमचं बंद करतो. मग ते वाजणार नाही, हाकही मारणार नाही. पण एक सांभाळा, तुम्ही ओठ लावू नका. काही झालं तरी नाही. ती एवढ्याच एका गोष्टीची वाट बघतेय. एकटीला आत बसून कंटाळा येत असेल ना.

रहिमाबींनी निघताना माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, मरद लोगांना काय, दोन्ही पाहिजे असतं.

१७ एप्रिल

यांना सरळ विचारलं. शब्द दिला होता का?

हो.

मग का नाही परत केली?

मग म्हणाले, तू येणार होतीस हे खरं, पण ती नऊ वर्षं होती.

भांडले असते. भांडायला आवाज लागतो.

शेवटी म्हणाले, आखाजी होऊ दे. आखाजीनंतर देऊन येतो. अक्षय्य तृतीयेला अजून तेरा दिवस आहेत.

२१ एप्रिल

दुपारी डोळा लागला. उठून आरशात पाहिलं. ओठांवर गोल वळ.

वाद्यांच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

तोंडात पितळेची चव.

२४ एप्रिल

हसू गेलं. पुष्पाबाई काहीतरी बोलल्या, मला हसायला आलं, खांदे हलले, आवाज नाही. आणि त्याच वेळी आत, बंद दारामागे, ती हसली. माझं हसू. कॉर्नेटच्या दिवशीचं.

पुष्पाबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "तुना आवाज कोठे गया व पोरी?" लाडवांची वाटी तशीच टाकून गेल्या. आता येत नाहीत.

२६ एप्रिल

तिच्या पसरट तोंडात आरशासारखं दिसतं. पुसायला वाकले. माझा चेहरा दिसला, तोंड उघडं, बोलत असलेलं.

माझं तोंड मिटलेलं होतं. हाताने चाचपून पाहिलं. मिटलेलं होतं.

मागे आणखी एक बाई—कपाळावर आडवं कुंकू—माझ्या चेहऱ्याच्या मागून बाहेर बघत होती. माझ्या घराकडे. माझ्या ओट्याकडे. मला ती नजर ओळखीची वाटली. मेथी निवडताना मी दाराकडे अशीच बघायचे.

२८ एप्रिल

हे म्हणाले, आखाजीनंतर बघू. 'देऊन येतो' नाही. 'बघू.'

ठरवलं. परवा आखाजी, यांची पहिली पाळी. बारा वाजता रिक्षा सांगितलीय, कागदावर लिहून. चादरीत गुंडाळून मुख्तारभाईंकडे. बस.

३० एप्रिल, आखाजी

हे पहाटे गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. आत जाऊन आले.

घागर पुजली. आण्णांच्या नावाने, आईच्या नावाने. मग का कोण जाणे, एक घास भागाबाईंच्या नावाने ठेवला.

गल्लीत लिंबाला झोके बांधलेत. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणतायत. आई-आण्णा नाहीत, मला माहेर नाही आता. मलाही म्हणायचं होतं. ओठ हलवले.

आतून ती म्हणाली. माझ्यासाठी.

साडेअकरा

चादर अंथरली. तिला उचलली. जड नाही. कोण म्हणालं जड आहे.

ऊबदार आहे—अंगाशी घेतली की पोटाशी धडधडतं. वाजवणारा असंच कवटाळतो. दोन्ही हात. हनुवटी काठावर.

असं बसायचे हे. असं, या जागी—

रिक्षाची वाट बघतेय. वही गुडघ्यावर.

पावणेबारा

एक विचार सुटत नाही. मुख्तारभाई चकती बसवतील. मग माझा आवाजही आतच. तिच्याबरोबर. कायमचा.

आणि संध्याकाळी हे घरी येतील. खोलीत मुकं पितळ. ओट्याशी मुकी बाई. कुणाकडे बघतील?

मी पंचवीस वर्षं अशी काढू?

आवाज माझा आहे. फोनवर ज्याच्यावर हे भुलले तो माझा. तो परत घ्यायचा आहे. फुंकायचं नाही—नुसता श्वास आत ओढायचा. एकदा. फुंकर नाहीच ती. मुख्तारभाई फुंकरीबद्दल म्हणाले असतील—

नाही. ओठ म्हणाले होते.

बारा

रिक्षा येऊन हॉर्न देतेय. उठत नाही मी. पाय—

हॉर्न थांबला. गेली.

ती काही बोलत नाही. नुसती ऐकतेय.

गेट वाजलं. मोटारसायकल. आज अर्धी पाळी असेल—सणाची—मला सांगितलं नाही—

यांनी हाक मारली. "कोकिळा."

'ओ' आली. माझ्या मांडीतून, माझ्या पोटातून, माझाच आवाज, इतका गोड—

हे हसले. बाहेरच्या खोलीत चपला काढतायत. म्हणाले, "आलो गं."

आलो गं. असं मला कधीच नाही—एकदाही नाही—

हे तिला म्हणाले. मी इथे बसलेय, आणि हे तिला—

मलाही कुणी—

दार ढकलायच्या आत. एकच श्वास. ओठ गार नाहीत तिचे, ती जागा करून देतेय, सरकतेय, मी फक्त